टेम्परेचर सेन्सर खरंच गेलाय का, बदलायच्या आधी एवढं बघा

इंदूरजवळचा भेरूघाट चढताना टेम्परेचरचा काटा वर गेला तर आधी गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. सेन्सरच बिघडला असेल म्हणून गाडी दामटू नका, हेडगॅस्केट (इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधलं सील) उडालं तर सेन्सरच्या कितीतरी पट खर्च बसतो. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, उकळतं पाणी अंगावर येतं. मग कूलंट बघा, ते कमी असेल आणि सेन्सरचं टोक हवेत असेल तर तो चुकीचंच सांगणार, त्यात त्याचा काही दोष नाही.

कूलंट बरोबर आहे पण सकाळी गाडी लवकर स्टार्ट होत नाही, काळा धूर येतो, अ‍ॅव्हरेज पडलंय, इंजिन गार असतानाही फॅन फुल स्पीडने फिरतोय, तर सेन्सरवर संशय घ्यायला हरकत नाही.

माझ्या मते सगळ्यात भरवशाची टेस्ट सकाळची. गाडी रात्रभर उभी राहू द्या, सकाळी चावी नुसती ऑन करा, स्टार्ट करू नका, आणि ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली रीडिंग आणि बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून कूलंटचं आणि इनटेकच्या, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या, हवेचं टेम्परेचर बघा, साधा ब्लूटूथवाला स्कॅनरही चालतो. दोन्ही जवळपास सारखे हवेत. डिसेंबरात बाहेर १२ डिग्री आणि कूलंट ४५ दाखवतोय, तर सेन्सर किंवा वायरिंग, दोघांपैकी एकात गडबड नक्की. उणे ४० दाखवलं की सर्किट कुठेतरी तुटलंय, कोड बहुतेक पी०११८ येतो, आणि १३० च्या वर गेलं तर शॉर्ट, म्हणजे पी०११७. पी०१२८ असेल तर मात्र आधी थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह) बघा.

आता कनेक्टर काढा. पिनांवर हिरवट थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वायर उंदराने कुरतडलीय का तेही हात फिरवून बघा, आपल्याकडे हे फार होतं. कनेक्टर काढल्यावर फॅन एकदम सुरू होऊ शकतो, हात लांब ठेवा. दोन पिनांचा सेन्सर असेल तर कनेक्टर काढल्यावर रीडिंग उणे ४० हवं, आणि कनेक्टरच्या दोन्ही टोकांना वायरचा तुकडा जोडला की एकदम वर जायला हवं. तसं झालं तर वायरिंग ठीक, सेन्सर खराब. रीडिंग हललंच नाही तर नवा सेन्सर घालूनही उपयोग नाही, वायरिंग शोधा.

खात्री करायची असेल तर सेन्सर काढून टोक पाण्यात बुडवा, मल्टीमीटर ओहमवर लावा आणि पाणी तापवा. बऱ्याच गाड्यांत २० डिग्रीला दोन-तीन हजार ओहम आणि ८० ला तीनशेच्या आसपास येतात, नक्की आकडे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. आकडा सलग उतरायला हवा, मध्येच उडी मारली तर सेन्सर गेलाच. आणि इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं, तेव्हा उकळत्या पाण्याचं रीडिंग १०० च्या आकड्याशी ताडू नका.

नवा सेन्सर बसवताना सील नवंच घाला, कूलंट भरून सिस्टिममधली हवा काढा आणि मग कोड क्लिअर करा.