तलावात पर्णकृमीची अंडी कोणते जनावर सोडते, हे शेणावरून कसे ओळखावे

भंडारा-गोंदियाच्या माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातील) तलावांच्या काठी गाई, म्हशी आणि शेळ्या एकत्र चरतात. त्यामुळे एकीला यकृतातील पर्णकृमीची, म्हणजे लिव्हर फ्ल्यूकची, बाधा आढळली की सगळ्यांना सरसकट औषध पाजण्याचा सल्ला मिळतो आणि खापर, जिच्या शरीरात या कृमीची पिल्ले वाढतात, त्या पाण्यातल्या गोगलगायीवर फुटते. वास्तविक गोगलगायीला लागण होते ती शेणातून पाण्यात उतरलेल्या अंड्यांमुळेच. म्हणून ती मुख्यतः कोणाची आहेत, हे आधी तपासावे.

प्रत्येक जातीच्या पाच-सहा जनावरांचे ताजे शेण किंवा लेंड्या वेगवेगळ्या डब्यांत घ्याव्यात. पाच ग्रॅम नमुना ग्लासभर पाण्यात कालवून चहाच्या गाळणीने गाळावा, पाच मिनिटे निवळू द्यावा, वरचे पाणी हलक्या हाताने ओतून टाकावे आणि पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हेच पुन्हा करावे. मिठाच्या पाण्यावर अंडी तरंगवण्याची पद्धत गोल जंतांसाठी ठीक आहे. पर्णकृमीची अंडी जड असल्याने त्यात वर येत नाहीत, आणि त्या पद्धतीने दिलेल्या 'बाधा नाही' या अहवालाला मी किंमत देत नाही. उरलेल्या गाळात मिथिलिन ब्लू या निळ्या रंगाचा थेंब घालून तो सगळा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा.

खरी कसोटी यानंतर, दिसलेल्या अंड्याचा अर्थ लावताना लागते. पर्णकृमीचे अंडे पिवळसर सोनेरी असते. रुमेनमध्ये, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, राहणाऱ्या चपट्या कृमींचे अंडे जवळपास त्याच आकाराचे, पण करडे आणि पारदर्शक असते. सुरुवातीच्या काळात मी या दोहोंत गल्लत केली आणि माझ्या अहवालावरून एका कळपाला ट्रायक्लाबेंडाझोल हे पर्णकृमीवरचे औषध पाजले गेले. रुमेनमधल्या कृमींवर त्याचा काहीच परिणाम होत नसल्याने वासरांची हगवण तशीच राहिली. रंगाची खात्री होईपर्यंत अहवालावर सही करू नये.

दुसरी चूक नुसत्या संख्येवर विसंबण्याची. शेळीच्या लेंड्यांत अंडी दाट दिसतात म्हणून तिलाच दोषी धरले जाते. परंतु पाच ग्रॅमला दोनच अंडी दाखवणारी म्हैस दिवसाला पंधरा किलो शेण टाकत असेल, तर त्यात सहा हजार अंडी गेली, आणि ती डुंबायला उतरून त्यातले बरेचसे थेट तलावात सोडते. ओलावा मिळून शेणापासून सुटे झाल्याशिवाय अंडे वाढत नाही. पाणी टाळणाऱ्या शेळीच्या लेंड्या मात्र बहुधा कोरड्या जागी पडून वाळतात. शेळी-मेंढीला या कृमीविरुद्ध फारशी प्रतिकारशक्ती येत नाही, आणि मोठ्या प्रमाणात बाधा झालेली मेंढी कधी कधी शेणात अंडे दिसण्याआधीच दगावते. गाईची गोष्ट आणखी निराळी आहे: वारंवार बाधा झालेल्या गाईच्या पित्तनलिका जाड होतात, त्यांत चुना साठतो आणि कृमींना तेथे टिकणे अवघड जाते, म्हणून गोठ्यातल्या थोराड गाईपेक्षा कालवडीच्या नमुन्यावर माझा अधिक भरवसा असतो.

तपासणीची वेळही तितकीच महत्त्वाची आहे. आपल्याकडील फॅसिओला जायगँटिका ही पर्णकृमीची जात, गोगलगायीतून बाहेर पडून गवताला चिकटलेला पिल्लाचा कोष गिळला गेल्यापासून शेणात अंडी येईपर्यंत साधारण तीन ते चार महिने घेते; त्यामुळे पावसाळा सरताना लागण झालेल्या जनावराचे शेण नोव्हेंबरात स्वच्छ दिसले तरी ते निर्दोष ठरत नाही. मी फेब्रुवारीत पुन्हा पाहतो, आणि तेही तीन वेगवेगळ्या दिवशी, कारण पित्ताशयात साठलेली अंडी रोज सारखी बाहेर पडत नाहीत.

औषध व मात्रा पशुवैद्यकांनी ठरवावी. म्हैस दोषी ठरली, तर उपचार होईपर्यंत तिला तलावाऐवजी गोठ्यातच पाणी पाजावे व धुवावे. फेरतपासणी मात्र तीन आठवड्यांनंतरच करावी. कृमी मेल्यावरही पित्ताशयातली जुनी अंडी काही दिवस शेणात उतरत राहतात, आणि आठव्या दिवशी ती पाहून औषध वाया गेल्याची ओरड मी अनेकदा ऐकली आहे.