सुताराकडून बाळाची खाट करून घेताना

गावच्या सुताराला सागवानाची खाट सांगत असाल, तर आधी गजांमधलं अंतर ठरवून द्या: 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. फट मोठी असली की बाळाचं अंग सरकून बाहेर जातं आणि डोकं मात्र आत अडकतं. गज उभेच हवेत. आडव्या पट्ट्या म्हणजे चढायला शिडीच. गादीपासून कठड्याची उंची दोन फूट धरा.

गादीवर मात्र पैसे आणि डोकं दोन्ही खर्च करा. आपल्याकडे नवा पिंजलेला कापूस भरून फुगीर गादी करायची हौस असते. बाळ पालथं झालं की त्याचं नाक त्यात रुततं. कापूस दाबून भरा, टाके जवळ घाला. तळवा जोरात दाबून उचलला की खड्डा राहायला नको. गादी आणि कठडा यांच्यात दोन बोटांहून जास्त जागा नको. उशी, लोड, दुपटी आत ठेवू नका. बाळाला उताणंच निजवा.

मे महिन्यात रेक्झिन टाळा, घामोळ्या येतात. साधी सुती चादर ताणून खोचा. कूलरचा झोत थेट अंगावर नको.

खाट भिंतीपासून हातभर दूर ठेवा, विंचू भिंतीवरून येऊ शकतो. मच्छरदाणी जमिनीपर्यंत सोडू नका, गादीखाली खोचा. मुंग्यांसाठी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, तर पाणी रोज बदला. नाहीतर डेंगीचे डास तिथेच वाढतील.

जुनी खाट मिळाली, तर पोपडे सुटलेला रंग आधी बघा. त्यात शिसं असू शकतं, आणि दात येताना बाळ कठडा चावतंच.