महापौरांना घरी पाठवायला निघालात? आधी या चुका टाळा

महापौरांवर घोटाळ्याचा आरोप झाला की सोलापुरात पुढचा आठवडा कसा जाणार ते मी आता न बघता सांगतो. आधी पूनम गेटसमोर घोषणा, मग चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार, मग महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीच्या पायऱ्यांवर फोटो आणि शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘लवकरच अविश्वास ठराव’. महिनाभरात जो तो आपापल्या कामाला लागतो. महापौर जिथे होते तिथेच. त्यानंतर मंडळी माझ्याकडे येतात, कारण मी लोकांचे अर्ज, तक्रारी आणि अपिलं फुकट लिहून देतो. फुकट आहे म्हणून कुणी लवकर येत नाही, सगळं बिघडल्यावरच येतात.

आरोप खरा की खोटा, हे मी ठरवत नाही. तुमच्या हातात काय आहे आणि ते कुठे द्यायचं, एवढंच बोलतो.

अविश्वास ठरावाच्या मागे धावणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. सोलापूर महापालिका चालते ती महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 वर. त्यात महापौर नगरसेवकांमधून निवडला जातो, मुदत अडीच वर्षं. आणि त्या महापौराला अविश्वास ठरावाने काढायची सोय त्या कायद्यात नाही. सरपंचाविरुद्ध असा ठराव येतो, पण तो ग्रामपंचायतीच्या कायद्याखाली. बार्शी, अक्कलकोटच्या नगराध्यक्षांना 1965 चा वेगळा कायदा लागतो. पण ‘आमच्या मेहुण्याच्या गावात सरपंच काढला, मग इथे का नाही?’ हा प्रश्न मला दर वेळी ऐकावा लागतो. मेहुण्याच्या गावात महापालिका नाही, म्हणून!

गोंधळात भर घालतात ते आयुक्तांविरुद्धचे ठराव. आयुक्तांना परत पाठवा असा ठराव सभागृह एकूण सदस्यांच्या पाच अष्टमांश मतांनी करू शकतं. आपल्याकडे जिल्हाधिकारी असलेले तुकाराम मुंढे पुढे नवी मुंबईचे आयुक्त झाले, तिथे ऑक्टोबर 2016 मध्ये त्यांच्याविरुद्ध असा ठराव प्रचंड बहुमताने झाला. तरी सरकारने त्यांना लगेच हलवलं नाही, बदली झाली ती मार्च 2017 मध्ये. पेपरात ‘अविश्वास’ हा शब्द आला आणि लोकांनी तो महापौरांनाही चिकटवला.

काही वर्षांपूर्वी विडी घरकुलाकडची पोरं सह्यांचा गठ्ठा घेऊन आली होती. कोणत्या महापौरांच्या वेळी ते सोडा. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, सगळ्या लिपीत सह्या. मेहनत खरी होती, नाही म्हणत नाही. पण पानंच्या पानं एकाच हाताने भरलेली. पत्ता नाही, आणि वर मजकूर: ‘अविश्वास ठराव तात्काळ मंजूर करावा.’ प्रति म्हणून मुख्यमंत्री, जिल्हाधिकारी आणि आयुक्त, तिघेही एकाच अर्जात. आरोप कुठला, कोणत्या तारखेचा, कोणत्या कामाचा, याबद्दल अक्षर नाही. मी म्हणालो, हे देऊ नका, परत लिहू. त्यातला एक म्हणाला, “काका, तुम्ही लई कायदा बघता. पब्लिकचं प्रेशर आलं की कायदा वाकतो.” गठ्ठा त्यांनी एका मोठ्या कार्यालयात दिला, शिक्का मारून घेतला आणि शिक्क्याचा फोटो स्टेटसला ठेवला. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. एकच ओळ: ‘सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.’ प्रेशरचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

मग रस्ता कुठला? महापौर हा आधी नगरसेवक असतो. नगरसेवकपद गेलं की महापौरपद आपोआप जातं. त्याच अधिनियमाच्या कलम 13 खाली कर्तव्यात गैरवर्तन किंवा लज्जास्पद वर्तन केलेल्या नगरसेवकाला राज्य सरकार पदावरून दूर करू शकतं, स्वतःहून किंवा महापालिकेच्या शिफारशीवरून. त्याआधी त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. उदाहरण लांबचं नाही. कोल्हापुरात 2015 च्या सुरुवातीला तेव्हाच्या महापौरांवर लाच घेतल्याचा आरोप झाला, लाचलुचपत विभागाने गुन्हा नोंदवला. राजीनामा मागितला, तो मिळाला नाही. सर्वपक्षीय ओरड झाली तरी त्यांना खुर्चीवरून थेट उठवता येईना. शेवटी सभागृहाने नगरसेवकपद रद्द करायचा ठराव करून तो मंत्रालयात पाठवला आणि काही महिन्यांनी सरकारने पद रद्द केलं. गुन्हा नोंदलेला आणि सभागृह एकमुखी असताना एवढा वेळ लागला. तुमच्याकडे नुसता संताप असेल तर हिशोब तुम्हीच करा.

माझी पद्धत अशी: अर्ज एकाच अधिकाऱ्याच्या नावे, नगरविकास विभागाकडे, विषयाच्या ओळीत कलम 13 चा उल्लेख. प्रत्येक आरोपापुढे सोबत जोडलेल्या कागदाचा पान क्रमांक. ज्याला पान नाही तो आरोप काढून टाकायचा, कितीही चविष्ट असला तरी. सह्या दहाच घ्या, पण त्या दहा जणांना सुनावणीला बोलावलं तर ते येतील असे घ्या.

सही कुणाची ते न बघणं

खड्डा पडला, महापौर चोर. पाणी चार दिवसांनी आलं, महापौर चोर. अहो, आपल्याकडे कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे आहेत. ठेक्यांचे आणि खर्चाचे मोठे निर्णय स्थायी समितीत होतात आणि तिथे सोळा जण बसतात. महापौर सर्वसाधारण सभा चालवतात. त्यामुळे निविदेच्या फाईलवर सही आयुक्तांची आणि तुमची तक्रार महापौरांवर, असं असेल तर समोरचा वकील दोन मिनिटांत तुम्हाला घरी पाठवेल.

महापौरांचा हात शोधायचा तर सभेच्या कागदात शोधा: विषयपत्रिकेवर नसलेले ऐनवेळचे विषय, सभा गोंधळात गुंडाळल्यावर ‘मंजूर’ झालेले ठराव. नाहीतर त्याच महापालिका अधिनियमाचं कलम 10 बघा. महापालिकेच्या कुठल्याही कंत्राटात नगरसेवकाचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध निघाला तर तो थेट अपात्रतेचा मुद्दा होतो. पण ‘ठेका भावाच्या नावावर आहे’ एवढं पुरत नाही. त्या ठेक्यात महापौरांचा स्वतःचा वाटा कसा, ते दाखवावं लागतं. भागीदारीपत्र, बँकेचा व्यवहार, जागेचा करार, असलं काहीतरी हवं. ‘सगळ्यांना माहितीये’ हा पुरावा नव्हे.

माहिती अधिकारात कादंबरी लिहिणं

एक तरुण दादा आले, चांगले शिकलेले, बोलायला तडफदार. त्यांचा माहिती अधिकाराचा अर्ज अडीच पानांचा. सुरुवात सोलापूरच्या चार हुतात्म्यांपासून आणि त्यांना फाशी झाली त्या 12 जानेवारी 1931 पासून, मधे संविधान, आणि शेवटी मागणी: ‘गेल्या दहा वर्षांत झालेल्या सर्व भ्रष्टाचाराची माहिती द्यावी.’ एका महापालिकेत तो अर्ज दिला, आपली की दुसरी ते सांगत नाही. फेटाळला. फेटाळणारच. महाराष्ट्रात नियम आहे: अर्ज एका विषयाचा आणि 150 शब्दांपर्यंतच. शिवाय माहिती अधिकारी कागद देतो, भ्रष्टाचार शोधून देत नाही. दादांनी पहिलं अपील केलं, मग दुसरं अपील केलं आणि मग राज्य माहिती आयोगाच्या तारखेची वाट बघत बसले. अडीच वर्षांच्या मुदतीतलं एक वर्ष तिथेच संपलं. मग माझ्याकडे आले.

मी लिहून दिलेला अर्ज पाच ओळींचा होता. अमुक तारखेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका, हजेरीपट आणि कायम झालेलं इतिवृत्त, या तीन कागदांचं अवलोकन करायचं आहे, म्हणजे कार्यालयात बसून ते बघायचे आहेत. बस. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. अवलोकनाचा पहिला तास फुकट असतो, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. गेलो, समोर तिन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. विषयपत्रिकेत जो विषय नव्हता तो इतिवृत्तात ठराव होऊन बसला होता, खाली सूचक आणि अनुमोदक अशी दोन नावं. मी दादांना म्हणालो, आता हजेरीपट बघा. अनुमोदकाच्या नावापुढची चौकट कोरी. जो माणूस सभेला आलाच नाही त्याने अनुमोदन दिलं होतं! दादा तिथेच ओरडायला लागले. त्यांना गप्प बसवून तेवढ्याच तीन पानांच्या साक्षांकित प्रती मागितल्या, पानाला दोन रुपये.

तेव्हापासून मी कुणालाही पहिल्या अर्जात प्रती मागू देत नाही. आधी अवलोकन, वहीत पान क्रमांक टिपणं, मग तेवढ्याच प्रती. गठ्ठा मागितला की गठ्ठाच मिळतो आणि हवं ते पान नेमकं त्यात नसतं. उत्तराची मुदत 30 दिवस. एकतिसाव्या दिवशी पहिलं अपील टाका, ‘अजून आठ दिवस बघू’ करू नका. तसं करणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती उरलेली नाही.

क्लिप आधी ग्रुपवर, मग पोलिसात

कुणी पैसे मागत असेल तर पैसे देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला फोन करा, 1064. सापळा त्यानंतरच लागतो. पैसे देऊन आल्यावर ‘आता पकडा’ म्हणणारे दर वर्षी भेटतात.

आणि रेकॉर्डिंग केलं असेल तर तोंड बंद ठेवा. क्लिप दुपारी ग्रुपवर पडते, संध्याकाळपर्यंत अक्कलकोट रोडपासून जुळे सोलापूरपर्यंत सगळ्यांनी ऐकलेली असते आणि ज्याला पकडायचं तो सावध झालेला असतो. वर मूळ फोन कुठेय विचारलं तर ‘फॉरमॅट मारला’. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. चार हातांतून फिरलेल्या फॉरवर्डवर ते कोण देणार? मूळ फोन बंद करून लिफाफ्यात ठेवा आणि नवा घ्या. परवडत नसेल तर जुना डबा फोन वापरा.

बाकीच्या, थोडक्यात

राजीनाम्याची बातमी आली की फटाके. पक्षाच्या शहराध्यक्षांच्या हातात दिलेला राजीनामा हा राजीनामा नव्हे. ‘सव्वा वर्ष तू, सव्वा वर्ष मी’ असं ठरलेले किती महापौर सव्वा वर्षाने उठले ते जुन्या नगरसेवकांना विचारा.

‘राइट टू रिकॉल’ची ऑनलाइन याचिका. मध्य प्रदेश, छत्तीसगडमध्ये थेट निवडून आलेल्यांसाठी तशी सोय आहे. आपल्या महापौरांसाठी नाही. सही करा, पण त्यावर विसंबू नका.

निवडणुकीतल्या गैरप्रकारावर दोन वर्षांनी जागं होणं. निवडणूक याचिकेला दहा दिवस मिळतात.

नगरसेवकांना ‘पक्ष विसरून मत द्या’ म्हणणं. व्हिप मोडला तर पक्षांतरबंदीच्या कायद्याखाली विभागीय आयुक्तांपुढे त्यांचंच पद जायची वेळ येते. तुमच्यासाठी कोण पद घालवेल?

एकदम हायकोर्ट. आधीच्या पायऱ्या का सोडल्या, हेच न्यायालय पहिल्यांदा विचारतं. जायचंच असेल तर ऑगस्ट 2025 पासून सोलापूर जिल्हा हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे, तेव्हा मुंबईच्या वकिलाला ॲडव्हान्स देऊन बसू नका.

नंतर कोण, हे न विचारणं

काढायच्या गडबडीत हे कुणीच बघत नाही. महापौरपदाचं आरक्षण त्या मुदतीपुरतं ठरलेलं असतं. महिला राखीव असेल तर पुढच्याही महिलाच, मागासवर्गासाठी असेल तर त्याच प्रवर्गातून. ‘आपल्या अण्णांना बसवू’ म्हणून पैसे खर्च करणारे असतात आणि अण्णा त्या प्रवर्गात बसतच नाहीत. सभागृहाचं गणितही तेच राहतं. 2017 मध्ये आपल्याकडे 102 पैकी भाजपचे 49, शिवसेनेचे 21, काँग्रेसचे 14 आणि एमआयएमचे 9 होते. एकट्याचं बहुमत कुणाचंच नव्हतं, तरी महापौर दोन्ही वेळा भाजपचाच झाला. म्हणजे एक माणूस काढलात तरी पुढचं नाव त्याच बैठकीतून येणार.

आणि तारखा बघा. सभागृहाची मुदत संपली की नगरसेवकपदच उरत नाही, मग कलम 13 खाली काढणार कशावरून? मार्च 2022 मध्ये आपलं सभागृह संपलं आणि प्रशासक आला, त्यानंतरही लोक माझ्याकडे महापौर हटवायचा अर्ज लिहून घ्यायला येत होते. महापौर नव्हतेच. मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.