जुन्नरच्या डोंगरात निवांत सायकल: किलोमीटर कमी ठेवा, लेणी जास्त बघा

जुन्नरला सायकल घेऊन जायचंय, रूट सांगा असं बरेच जण विचारतात आणि सोबत स्वतःचा प्लॅनही देतात, त्यात पहिल्याच दिवशी पुणे ते जुन्नर, दुसऱ्या दिवशी नाणेघाट, लेण्याद्री, शिवनेरी सगळं आणि तिसऱ्या दिवशी परत. एवढं अंतर होऊन जाईल हो, पण बघून काहीच होणार नाही. इथले अवशेष रस्त्याच्या कडेला नाहीत, ते डोंगरावर आहेत, आणि ज्या गुडघ्यांनी पेडल मारायचं त्याच गुडघ्यांनी वर चढायचं असतं. त्यामुळे माझा नियम साधा आहे, गड किंवा लेणी असलेल्या दिवशी सायकल तीस-पस्तीस किलोमीटरच्या वर नाही. राहिलेला दिवस पायी फिरायला आणि नुसतं बसून राहायला.

तिथवर पोचायचं कसं? पुण्याहून नारायणगावपर्यंत पुणे-नाशिक हायवे आहे, ट्रक, कंटेनर, भाजीचे टेम्पो, सगळं अंगावरून जातं, आणि निवांत फिरायला निघालेल्या माणसानं तो रस्ता सायकलने कशाला करायचा हे मला अजून कळलेलं नाही. गाडीच्या मागे रॅक लावा, नाहीतर पुढचं चाक काढून टेम्पोत टाका, पण सायकल थेट नारायणगावात उतरवा. तिथून जुन्नर पंधराएक किलोमीटर, ते आरामात होतं. मुंबईकरांना माळशेज जवळ वाटतो, पण पावसाळ्यात धुकं, दरडी आणि पिकनिकची गर्दी असताना तो घाट सायकलने चढू नका.

सायकल कुठलीही चालेल, भारीतलीच पाहिजे असं काही नाही. पण टायर जरा रुंद हवा, 35 ते 40 मिलिमीटरचा, कारण नाणेघाटाच्या रस्त्यावर आपटाळे गावाच्या पुढे डांबर कुठे आहे कुठे नाही असा प्रकार असतो. गिअरमधे सगळ्यात हलका गिअर खरंच हलका पाहिजे, म्हणजे पुढची छोटी चकती आणि मागची मोठी चकती दातांनी निदान बरोबरीची असावी. नाणेघाटाचा रस्ता एकसलग चढाचा नाही, तो सारखा वर-खाली करतो, आणि असे छोटे चढच सामान लादलेल्या सायकलवर जीव काढतात. क्लीटवाले, म्हणजे पेडलला अडकणारे शूज घरी ठेवा. कातळात कोरलेल्या पायऱ्यांवर ते घसरतात, दगडावर ओरखडे पडतात ते वेगळंच. साधे फ्लॅट पेडल आणि चांगल्या ग्रिपचे ट्रेकिंगचे बूट, बास.

आता बाभळीच्या काट्यांचं. या भागात पंक्चर होणार हे धरूनच निघायचं, दोन ट्यूब जास्तीच्या, पॅचचं पाकीट, पंप आणि एक छोटा चिमटा. चिमटा का, तर काटा टायरमधे मोडतो आणि बाहेरून दिसत नाही. ट्यूब बदलली, हवा भरली, दोन किलोमीटर गेलात की परत बसली, असं होतं ते त्यामुळेच. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून एक फडकं हळूहळू गोल फिरवायचं, जिथे धागा अडकेल तिथे काट्याचं टोक आहे, मग टायर तिथे उलटा वाकवायचा आणि चिमट्याने टोक ओढून काढायचं. डायरेक्ट बोट फिरवू नका, टोक बोटात घुसतं. जुनी ट्यूब टाकून देऊ नका, संध्याकाळी लॉजवर निवांत पॅच लावता येतो.

आणि पंक्चर काढायला बसायचं कुठे हे पण महत्त्वाचं आहे. उसाच्या कडेला अजिबात बसायचं नाही. जुन्नर तालुक्यात बिबटे आहेत, भरपूर आहेत, माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे, आणि बिबट्या उसात राहतो, वाढतो, तिथेच पिल्लं घालतो. वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस त्याला लहान दिसतो, म्हणून शेतात खाली बसून काम करणाऱ्यांना आणि मुलांना धोका जास्त. हवा गेली तर सायकल ढकलत मोकळ्या जागेत किंवा एखाद्या घराच्या अंगणात जा. उजाडायच्या आधी निघायचं नाही, दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोचायचं, यात तडजोड नाही. एरवी मी शांतपणे चालवायच्या बाजूचा आहे, पण ऊस दोन्ही बाजूंनी असेल तिथे घंटी वाजवत, मोठ्याने गप्पा मारत जा. गावातले लोक सांगतील ते ऐका, त्यांना कालची बातमी माहीत असते.

पहिला दिवस शिवनेरीचा ठेवा. सायकल पायथ्याच्या एखाद्या चहाच्या टपरीवर लावायची, मावशींना विचारायचं "सायकल ठेवू का इथं दोन-तीन तास", आल्यावर त्यांच्याकडेच चहा-वडापाव खायचा, कुलूप तरी लावायचंच. शिवाजी महाराजांचा जन्म इथला, 19 फेब्रुवारी 1630, त्यामुळे शिवजयंतीच्या आसपास प्रचंड गर्दी असते, ती टाळा. एरवी कामाच्या दिवशी सकाळी लवकर गेलात तर सात दरवाज्यांच्या वाटेवर तुम्ही आणि पक्षी. बहुतेक लोक जन्मस्थान बघून उतरतात. तुम्ही अंबरखान्याच्या, म्हणजे धान्यकोठाराच्या पडक्या भिंती बघा, गंगा-जमुना टाकी बघा, दरवाज्यांच्या चौकटीत बिजागरीची भोकं आणि अडसराच्या खाचा किती खोल आहेत त्यात हात घालून बघा. याच डोंगराच्या पोटात बौद्ध लेणी आहेत, गडाच्या कितीतरी आधीची.

दुसऱ्या दिवशी लेणी. जुन्नरच्या आजूबाजूच्या डोंगरांत दोनशेच्या वर कोरीव खोदकामं आहेत, लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी असे गट पडतात. लेण्याद्री सगळ्यांना माहीत कारण अष्टविनायकातला गिरिजात्मज तिथे आहे, तो सातव्या क्रमांकाच्या लेण्यात. तिकीट आहे, पायऱ्या तीनशेच्या आसपास, माकडं आहेत, खाऊ हातात धरू नका. दर्शन झालं की शेजारचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं बौद्ध प्रार्थनेचं लेणं, नक्की बघा, लोक त्याच्यासमोरून निघून जातात. पण माझं लाडकं लेणं तुळजा. तिथे गोल चैत्य आहे, मधे स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांब, वर घुमटासारखं छत, आणि असं गोल चैत्यगृह महाराष्ट्रात सहज बघायला मिळत नाही. पायवाट शेतातून जाते, पाटी दिसेलच असं नाही, विचारत जावं.

लेण्यांमधे एक गोष्ट सवयीने करा, ती म्हणजे शिलालेख शोधणं. दरवाज्याच्या वर, टाक्याच्या बाजूला, व्हरांड्याच्या भिंतीवर ब्राह्मी या जुन्या लिपीतल्या ओळी असतात, सकाळचं तिरपं ऊन पडलं की अक्षरं उठून दिसतात, दुपारी तीच भिंत सपाट वाटते. जुन्नरच्या लेखांत यवन, म्हणजे ग्रीक दात्यांची नावं आहेत, इरिल नावाच्या एकाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्याने भोजनमंडप दिला. मानमोडीच्या एका लेखात महाक्षत्रप नहपान या शक राजाचा अमात्य अयम भेटतो. पूर्ण वाचता आलं नाही तरी चालतं, दोन-चार अक्षरं घरून शिकून जा, मजा वेगळीच येते. अक्षरांवर खडू फिरवून फोटो काढू नका, पाणी मारू नका. लेण्यात झोपायचा, चूल पेटवायचा विचार पण नको, एक तर ही संरक्षित स्मारकं आहेत आणि कड्यांवर आग्यामोहोळं असतात, धूर, अत्तर आणि आरडाओरडा त्यांना चालत नाही. येताना हापूसबागेजवळचा सौदागर घुमट बघून घ्या, अहमदनगरच्या निजामशाहीची पहिली राजधानी जुन्नर होती हे त्याच्यासमोर उभं राहिलं की पटतं.

तिसरा दिवस या सगळ्या ट्रिपचा जीव आहे. जुन्नर, आपटाळे, चावंड, पूर, घाटघर, नाणेघाट. एका बाजूचं अंतर तीस-पस्तीस किलोमीटर, म्हणून जाऊन लगेच परत यायचं नाही, घाटघरला राहायचं. या रस्त्यावर हळू चालवलं तर एक गोष्ट दिसते जी गाडीतून दिसत नाही: जुन्नरपाशी कांदा, द्राक्षं, ऊस, मग हळूहळू ऊस संपतो आणि भातखाचरं सुरू होतात, मधेच हिरड्याची झाडं, घरांच्या भिंती बदलतात, छपरं जास्त उतरती होतात. पश्चिमेला पाऊस वाढत जातो त्याचा हा सगळा हिशोब आहे आणि तो तुमच्या डोळ्यांसमोर एका सकाळीत उलगडतो.

वाटेत चावंड किल्ला. चढ छोटा पण शेवटी उभा आहे, 1818 नंतर इंग्रजांनी पायऱ्या उडवल्या, आता तिथे रेलिंग आहे, पावसात तरीही जपून. वर ओळीने कोरलेली सात टाकी आहेत, दगडी दरवाज्यातून आत उतरायचं, आत गार. अंगात दम नसेल तर गड सोडा पण पूरचं कुकडेश्वर सोडू नका. कुकडी नदीचा उगम इथला, शिलाहारकालीन मानलं जाणारं मंदिर, बाहेरच्या भिंतींवर कोरीव मूर्ती, आणि बहुतेक वेळा आवारात कुणीही नसतं. डबा इथे खायचा.

नाणेघाटाला शनिवार-रविवारी पावसाळ्यात जाऊ नका, वाऱ्याने पाणी वर उडवलेला उलटा धबधबा बघायला एवढ्या गाड्या येतात की सायकल पण निघत नाही. मंगळवार-बुधवार बघा. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे जाताना तोंडावर, तासाला आठ-दहा किलोमीटरनेच जाल, ते धरूनच वेळ लावा, परत येताना तोच वारा ढकलत आणतो. मला विचाराल तर नोव्हेंबर ते जानेवारी सगळ्यात छान. रस्ता कोरडा, हवा स्वच्छ, समोर जीवधन किल्ला आणि त्याच्या शेजारचा वानरलिंगी सुळका स्वच्छ दिसतो.

घाटात कोकणाच्या बाजूने थोडं खाली उतरलात की गुहा आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख तिथे दोन्ही भिंतींवर आहे, केलेल्या यज्ञांची आणि दानाची लांबलचक यादी, किती गाई, किती कार्षापण (त्या काळची नाणी), ते आकड्यांत लिहिलंय, आणि भारतातल्या जुन्यात जुन्या अंकलेखनात त्याची गणना होते. मागच्या भिंतीपाशी राजघराण्याच्या मूर्ती होत्या, आता वर कोरलेली नावं राहिलीत आणि खाली फक्त पावलांच्या खुणा. तिथे खाली बसा, वेळ द्या, डोळे अंधाराला सरावले की मगच त्या खुणा दिसायला लागतात. वर घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण आहेच. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून आलेला माल याच वाटेने वर चढायचा, लमाणांचे तांडे, बैल, आणि आपण तिथे सायकलला दोन पॅनिअर (सामानाच्या पिशव्या) लावून दमलेलो असतो.

घाटघरात किंवा अलीकडच्या गावांत घरगुती जेवण-मुक्काम होतो, पण आदल्या दिवशी फोन करून ठेवा, आयत्या वेळी चौघांच्या भाकऱ्या मागणं बरं नाही. फोनला रेंज येते-जाते, नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, सुट्टे पैसे ठेवा. स्पीकरवर गाणी लावू नका, लोकांची घरं असतात, दुपारी म्हातारी माणसं झोपलेली असतात. वस्तीवरची कुत्री अंगावर आली तर जोरात पळवू नका, उतरा, सायकल मधे धरा आणि चालत जा, शंभर पावलांत ती गप्प होतात. जुन्नर-नारायणगाव भागात आलात तर मासवडी-रस्सा आणि बाजरीची भाकरी खा, पण चढाच्या आधी नाही, रस्सा झणझणीत असतो.

एक दिवस हातात असेल तर हडसर किल्ला. जुन्नरहून अर्ध्या दिवसात होतो, कातळ आतून पोखरून केलेली नळीची वाट आणि त्यातले दरवाजे, गड बघायला लोक कमीच येतात. खुंटीच्या वाटेला जाऊ नका, ती गिर्यारोहकांची आहे. आणि परतताना नारायणगावहून खोडदला वळता येतं, तिथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या भल्यामोठ्या डिश शेतांमधे उभ्या आहेत, एकूण तीस, त्यातल्या चौदा खोडदच्या जवळपास. जवळ गेल्यावर मोबाइल बंद ठेवा, त्यांच्या निरीक्षणात अडथळा येतो. आतून बघायचं असेल तर आधी परवानगी लागते, नाहीतर 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला धरून जा, तेव्हा सगळ्यांना सोडतात.