कोल्हापूरच्या फौंड्रीला लिंक्डइनवरून नवी पार्टी (ग्राहक) कशी मिळवायची

चाकणचा किंवा होसूरचा सोर्सिंग इंजिनिअर (कंपनीसाठी सुटे भाग पुरवणारे शोधणारा) लिंक्डइनवर नवा वेंडर शोधायला बसतो, तेव्हा ड्रॉइंग त्याच्या समोर असतं. हे कास्टिंग (ओतीव भाग) या फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) निघेल का, एवढंच त्याला दोन मिनिटांत ठरवायचं असतं. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित वसाहतीतल्या कितीतरी प्रोफाइलवर नेमकं तेच सापडत नाही. ‘अग्रगण्य उत्पादक’ आणि ‘गुणवत्ता हेच ध्येय’ वाचून कुणी ड्रॉइंग पाठवत नाही.

सुरुवात नावाखालच्या ओळीपासून करा. तिथे २२० अक्षरं बसतात आणि शोधात तीच आधी दिसते. ‘मॅनेजिंग डायरेक्टर’ एवढंच लिहून ती वाया घालवू नका. ‘एसजी व ग्रे आयर्न कास्टिंग, ५ ते ४० किलो, मशिनिंगसह, कोल्हापूर’ असं लिहा, तेही इंग्रजीत, कारण खरेदीदार शोधतो ते इंग्रजी शब्दांनी. (एसजी आणि ग्रे आयर्न हे ओतीव लोखंडाचे दोन प्रकार.)

माहितीच्या रकान्यातल्या पहिल्या दोन-तीन ओळीच उघड्या दिसतात, बाकीच्या क्लिक केल्यावर. म्हणून आकडे वर घ्या: ग्रेड (एफजी २६०, एसजी ५००/७ वगैरे), साचा ग्रीन सँडचा (ओलसर वाळूचा) की नो-बेकचा (रसायनाने घट्ट होणाऱ्या वाळूचा), सर्वांत मोठा मोल्डिंग बॉक्स (साच्याची पेटी) किती मिलिमीटरचा, एका नगाचं वजन किती ते किती. त्याखाली व्हीएमसी (संगणकावर चालणारी मशिनिंगची यंत्रं) किती, स्पेक्ट्रोमीटर (धातूतले घटक तपासणारं यंत्र) स्वतःचा आहे का, आयएटीएफ १६९४९ किंवा आयएसओ ९००१ हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र कधीपर्यंत वैध आहे ते येऊ द्या. एकूण क्षमतेपेक्षा महिन्याला मोकळी किती टन आहे ते सांगा. नव्या ग्राहकाच्या कामाचा आकडा तोच. वजनाची रेंज फुगवू नका. ‘२०० ग्रॅम ते २ टन’ वाचलं की जाणकाराला लगेच कळतं, एकाच लाइनवर हे दोन्ही निघत नाही.

फोटोंच्या बाबतीत फार जपा. सध्याच्या ग्राहकाचा पार्ट कौतुकाने टाकला जातो आणि त्यावर पार्ट नंबर किंवा लोगो ओतलेला असतो. गोपनीयतेच्या कराराचा तो सरळ भंग ठरू शकतो, आणि नवा खरेदीदारही मनात म्हणतो, उद्या आमचाही पार्ट असाच चव्हाट्यावर येणार. आकारावरूनसुद्धा पार्ट ओळखता येतो, त्यामुळे लेखी परवानगी नसेल तर भट्टी, मोल्डिंग लाइन, तपासणी विभाग यांचेच फोटो टाका.

आता माणसं शोधा. मालकाच्या किंवा एमडीच्या मागे लागू नका. वेंडर पक्का होण्याची वाट सप्लायर डेव्हलपमेंट, कास्टिंग सोर्सिंग आणि सप्लायर क्वालिटी या लोकांकडून जाते. पदाचं नाव अवतरण चिन्हांत टाकून शोधा, मग कंपनी आणि ठिकाणाचा फिल्टर लावा. आठवड्याला दहा-पंधरा नेमक्या विनंत्या पुरतात. मोफत खात्यात सोबत चिठ्ठी जोडायची मुभा महिन्याला मोजकीच आणि २०० अक्षरांची असते, ती अगदी हव्या त्या माणसांसाठी राखून ठेवा. पाठवलेली विनंती मागे घेतली तर त्याच माणसाला तीन आठवड्यांपर्यंत पुन्हा पाठवता येत नाही, म्हणून घाई नको.

विनंती स्वीकारल्याबरोबर वीस पानी कॅटलॉग धाडला की गप्पा तिथेच संपतात. त्यापेक्षा असं लिहा:

‘नमस्कार. आम्ही कोल्हापुरात ५ ते ४० किलोची एसजी कास्टिंग मशिनिंगसह देतो. सध्या महिन्याला २५ टन क्षमता मोकळी आहे. या वजनात रिजेक्शन जास्त असलेला किंवा वेळेवर न मिळणारा एखादा पार्ट असेल, तर ड्रॉइंग पाहून चार दिवसांत फीजिबिलिटी कळवतो.’

त्रास देणाऱ्या पार्टबद्दल विचारण्यामागे कारण आहे. सुरळीत चाललेला पार्ट जुन्या वेंडरकडून कुणी हलवत नाही. उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करा, तीही काही नवीन सांगायला असेल तर. दोनदा लिहून झाल्यावर थांबा.

अधूनमधून एखादी तांत्रिक पोस्ट टाका: जाड-पातळ भिंत जुळते तिथे श्रिंकेज (धातू गोठताना आकसून पडणारी पोकळी) का आलं, चिल (उष्णता लवकर ओढणारा धातूचा तुकडा) लावून की रायझर (जादा वितळलेला धातू पुरवणारी जागा) बदलून ते गेलं. अशी पोस्ट डिझाइनवालाही वाचतो. सणाच्या शुभेच्छा जरूर द्या, पण त्यातून एन्क्वायरी येत नाही.

ड्रॉइंग द्यायची तयारी दिसली की बोलणं कंपनीच्या ईमेलवर न्या आणि गोपनीयतेचा करार आधी करा. नोंदणी शुल्क किंवा टेंडर फी आगाऊ मागणारी परदेशी एन्क्वायरी तिथेच सोडा. कोटेशनमध्ये कास्टिंगचा किलोचा दर, पॅटर्न व कोअर बॉक्स (साचा आणि आतली पोकळी घडवायची साधनं), मशिनिंग, वाहतूक हे सगळं वेगवेगळं दाखवा. दर कोणत्या तारखेच्या पिग आयर्न आणि स्क्रॅपच्या भावावर धरलाय आणि तो किती दिवसांनी बदलेल, हेही त्यातच लिहा. हा बेस न लिहिता स्वस्त दर दिला, तर ऑर्डर मिळते. पुढे स्क्रॅप चढलं की प्रत्येक नगामागे पदरचे पैसे जातात आणि दर वाढवून मागायला हातात कागद नसतो.