अॅपचे अमेरिकन पैसे आणि तो कराचा फॉर्म

अॅप विकायला ठेवलं आणि अमेरिकेच्या कराचा फॉर्म भरल्याशिवाय पैसे सुटणार नाहीत असं कळलं. मी अमेरिकेबाहेर राहून एकट्याने काम करतो, म्हणजे माझ्यासाठी फॉर्म डब्ल्यू-८ बीईएन. कंपनीच्या नावाने विकत असाल तर डब्ल्यू-८ बीईएन-ई. डब्ल्यू-९ फक्त अमेरिकन करदात्यांसाठी असतो, तिकडे वळूच नका.

मला सगळ्यात जास्त अडवलं ते करदाता क्रमांकाने. आधी अमेरिकेचा आयटीआयएन (तिथला वैयक्तिक करदाता क्रमांक) काढा, असं जो तो सांगत होता. त्यासाठी डब्ल्यू-७ हा अर्ज भरा, पासपोर्ट पाठवा, मग वाट बघत बसा. शेवटी आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या, सूचनाच नीट वाचल्या. रॉयल्टीवर (आपलं काम वापरल्याबद्दल मिळणाऱ्या पैशांवर) अमेरिका आणि आपल्या देशातल्या कर-करारातली सवलत मागायला आपल्या देशाचा करदाता क्रमांकही चालतो! तो सहाव्या ओळीत टाकला आणि काम झालं. एवढं एक वाक्य कुणी आधी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

फॉर्मचा दुसरा भाग, म्हणजे करारातली सवलत मागायचा, मात्र रिकामा सोडू नका. नवव्या ओळीत देश, दहाव्या ओळीत कराराचं कलम, दर आणि उत्पन्नाचा प्रकार. हे नसेल तर अमेरिकेतून येणाऱ्या रॉयल्टीवर सरसकट ३० टक्के कापले जातात. दर स्वतः करारात बघूनच लिहा, कारण खाली सही असते आणि खोट्या माहितीला शिक्षा आहे.

फॉर्म आयआरएसकडे जात नाही, पैसे देणाऱ्याकडेच राहतो. सही केलेल्या वर्षानंतरचं तिसरं वर्ष संपेपर्यंत तो साधारणपणे चालतो. पत्ता दुसऱ्या देशात गेला तर ३० दिवसांत कळवायचं.

वर्षाअखेरीनंतर पैसे देणाऱ्याकडून १०४२-एस हा कर कापल्याचा फॉर्म आला की जपून ठेवा. कापलेल्या कराचा तोच पुरावा.