‘चार्ज’ हा शब्द वापरताना या चुका टाळा

मोबाइल चार्जला लावला, नव्या साहेबांनी चार्ज घेतला, पोलिसांनी लाठीचार्ज केला, बँकेने चार्जेस कापले, कोर्टात चार्ज फ्रेम झाला. दिवसभरात हा शब्द आपल्या तोंडी इतक्या वेळा येतो की तो इंग्रजी आहे हेही जाणवत नाही. बोलताना फारसं अडतही नाही, कारण समोर मोबाइल असतो, बिल असतं, साहेब असतात. घोटाळा होतो तो लिहिताना, भाषांतर करताना आणि कागदावर सही करताना. त्यातले काही घोटाळे महागात पडतात.

लॅटिनमधला ‘कार्रुस’ म्हणजे गाडा. त्यावरून गाड्यावर माल लादणे या अर्थाचं क्रियापद तयार झालं आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं. ओझं लादणे हा तो मूळ अर्थ पुढे पैशाला, जबाबदारीला, आरोपाला, जमिनीला चिकटत गेला. म्हणून वाक्यात ‘चार्ज’ दिसला की आधी पाहावं, कुणी कुणावर कसलं ओझं टाकलं आहे. मराठी शब्द त्यानंतर शोधावा.

‘माझ्याकडून पन्नास रुपये घेतले’

हे वाक्य इंग्रजीत नेताना आपल्याकडे हमखास ‘ही चार्ज्ड फिफ्टी रुपीज फ्रॉम मी’ असं होतं. मराठीतलं ‘कडून’ डोक्यात असतं, म्हणून ‘फ्रॉम’ येतो. इंग्रजीत या क्रियापदाला इथे ‘फ्रॉम’ लागत नाही. ‘ही चार्ज्ड मी फिफ्टी रुपीज’ एवढंच पुरे. कशाचे पैसे, ते सांगायचं तर पुढे ‘फॉर’ येतो: ‘चार्ज्ड मी फॉर पार्किंग’. हाच ‘फॉर’ बदलून ‘विथ’ झाला की प्रकरण पोलीस ठाण्यात जातं. ‘चार्ज्ड विथ थेफ्ट’ म्हणजे चोरीचा आरोप ठेवला. एका छोट्या शब्दाने अर्थ इतका फिरतो, म्हणून वाचताना ‘चार्ज’च्या पुढच्या शब्दावर बोट ठेवा.

पैशाचाच आणखी एक गैरसमज हॉटेलच्या बिलावर दिसतो. ‘सर्व्हिस चार्ज’ची ओळ पाहून अनेकजण तो सरकारी कर समजून मुकाट्याने भरतात. तो कर नाही. सरकारकडे जातो तो जीएसटी, सर्व्हिस चार्ज हॉटेल स्वतःसाठी लावतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढून तो बिलात आपोआप लावायला मनाई केली आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. ती रक्कम काढून टाका असं सांगायचा तुम्हाला अधिकार आहे. ऐकलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

चार्जशीट आलं म्हणजे आरोप निश्चित झाले?

नाही. आणि बातम्या लिहिणाऱ्यांनी इथे फार काळजी घ्यायला हवी, कारण एखाद्या माणसाची अब्रू त्या एका शब्दावर अवलंबून असते.

क्रम असा. आधी एफआयआर, म्हणजे गुन्हा दाखल होतो. तपास झाल्यावर पोलीस कोर्टात अहवाल देतात, ते आरोपपत्र म्हणजे चार्जशीट. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्यावर हा अहवाल कलम 193 खाली येतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 173 खाली यायचा. इथवर सगळं पोलिसांचं म्हणणं असतं. न्यायाधीश कागदपत्रं पाहतात, दोन्ही बाजू ऐकतात आणि खटला चालवण्याइतका आधार दिसला तरच ‘चार्ज फ्रेम’ करतात. ती आरोपनिश्चिती. आधार दिसला नाही तर आरोपीला ‘डिस्चार्ज’ मिळतो.

या ‘डिस्चार्ज’चंही भाषांतर बिघडतं. खटला चालण्याआधीच सुटका झाली तर ती दोषमुक्ती. पुरावे तपासून, पूर्ण सुनावणी होऊन सुटका झाली तर ती निर्दोष मुक्तता, इंग्रजीत ‘अ‍ॅक्विटल’. दोन्हींना सरसकट ‘निर्दोष सुटला’ म्हणणं चूक आहे.

परदेशी बातम्या मराठीत आणताना वेगळाच पेच येतो. इंग्लंडमध्ये अनेकदा पोलीस ठाण्यातच आरोपीला औपचारिकपणे ‘चार्ज’ केलं जातं. तिथल्या बातमीतल्या ‘चार्ज्ड विथ मर्डर’ला ‘खुनाचा गुन्हा दाखल’ म्हटलं की आपला वाचक ती एफआयआर समजतो. ‘खुनाचा आरोप ठेवला’ असं लिहावं. उलट दिशेने, इथल्या नुसत्या एफआयआरसाठी इंग्रजीत ‘चार्ज्ड’ लिहू नये. आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रं त्यासाठी ‘बुक्ड’ वापरतात, तेच बरोबर.

सरकारी नोकरीतलं चार्जशीट याहून वेगळं. ते विभागीय चौकशीतलं दोषारोपपत्र असतं, त्यात पोलीस नसतात. क्रियापदावरून ओळखता येतं: पोलीस चार्जशीट ‘दाखल करतात’, कर्मचाऱ्याला ते ‘मिळतं’.

जमिनीवरचा चार्ज

बँकेच्या कागदावर ‘चार्ज’ वाचून त्याचं ‘शुल्क’ केलेलं भाषांतर वाचलं की वाईट वाटतं, कारण त्या कागदाच्या दुसऱ्या टोकाला कुणाची तरी शेती असते. जमिनीच्या संदर्भात चार्ज म्हणजे बोजा. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात तो दिसतो: अमुक सोसायटी, इकरार, इतके रुपये. विकास सोसायटीचं कर्ज घेताना सभासद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 48 खाली जो इकरार लिहून देतो, त्याने हा बोजा चढतो.

याला गहाण म्हणणंही नेमकं नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 मध्ये गहाणाची व्याख्या कलम 58 मध्ये आहे आणि चार्जची कलम 100 मध्ये. गहाणात मालमत्तेतला काही हक्क कर्ज देणाऱ्याकडे हस्तांतरित होतो. चार्जमध्ये तसा हक्क जात नाही, फक्त येणं वसूल करायला त्या मालमत्तेचा आधार मिळतो.

सगळ्यात नुकसान करणारी चूक मात्र भाषेबाहेरची आहे. कर्ज फिटलं की बोजा आपोआप उतरेल असं धरून चालायचं नाही. बेबाकी दाखला, म्हणजे कर्जाची बाकी उरली नसल्याचा दाखला घ्या, ई-हक्क प्रणालीवर किंवा तलाठ्याकडे बोजा कमी करण्याचा अर्ज द्या आणि फेरफार मंजूर झाल्यावर सातबारा पुन्हा काढून तो रकाना स्वतः वाचा. नाहीतर जमीन विकायच्या वेळी फिटलेलं कर्ज पुन्हा समोर येतं.

इनचार्ज कोण?

‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड’ म्हणजे मूल नर्सच्या ताब्यात. ‘इन द चार्ज ऑफ’ झालं की उलटं: ज्याच्याविषयी बोलतोय, तोच दुसऱ्याच्या ताब्यात. एक ‘द’ वाढला आणि सांभाळणारा बदलला. ‘स्टोअर इनचार्ज’ हे आपल्याकडे चालतं, बाहेरदेशी पाठवायच्या पत्रात ‘पर्सन इन चार्ज’ लिहिलेलं बरं.

इतिहासाची इंग्रजी पुस्तकं वाचताना आणखी दोन अर्थ भेटतात. 23 सप्टेंबर 1803 ची असईची लढाई आत्ताच्या जालना जिल्ह्यातली. तिच्या वर्णनात घोडदळाचा ‘चार्ज’ म्हणजे शत्रूवर घातलेली चाल. इंग्रजांच्या बाजूचा कर्नल मॅक्सवेल त्या चालीतच पडला. पण ‘चार्ज’ तोफेचा असेल तर तो तिच्यात ठासलेल्या दारूचा बार. आपल्याकडे ‘बार भरणे’ हा तयार शब्द असताना तिथे ‘हल्ला’ येता कामा नये.

विज्ञानात ‘प्रभार’ लिहा, ‘वीज’ नको. बॅटरी चार्ज होते तेव्हा तिच्यात जास्तीचे इलेक्ट्रॉन साठत नाहीत. तिचा एकूण प्रभार तेवढाच राहतो, वाढते ती रासायनिक ऊर्जा. मोबाइलच्या बॅटरीवरचा 5000 एमएएच (मिलीअँपिअर-तास) हा आकडा मात्र प्रभाराचाच आहे: इतका, म्हणजे 18000 कूलोम, प्रभार ती बॅटरी परिपथातून वाहवू शकते.

उरला अर्थसंकल्प. तिथे ‘चार्ज्ड एक्स्पेंडिचर’ दिसला की कुणी ‘आकारलेला खर्च’ लिहितं, त्यातून काहीच कळत नाही. तो भारित खर्च, थेट एकत्रित निधीवर, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीवर टाकलेला: राष्ट्रपतींचं वेतन, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेतन, सरकारी कर्जावरचं व्याज. संविधानाच्या अनुच्छेद 112 मध्ये त्याची यादी आहे. या खर्चावर संसदेत मतदान होत नाही. म्हणून त्यावर बोलताही येत नाही असं समजू नका. अनुच्छेद 113 ने दोन्ही सभागृहांना चर्चेची मुभा दिलेली आहे.